मिरजेतील परसात साठ हजारांत फरसबंदी आणि बैठक: आखणी कशी करावी?

कृष्णाकाठ:

नमस्कार. मिरजेतील आमच्या बैठ्या घरामागे २२ फूट रुंद आणि १८ फूट खोल अशी परसाची जागा आहे. स्वयंपाकघराचे मागचे दार तिथे उघडते. दाराशेजारी भांडी घासायची मोरी, मागच्या उजव्या कोपऱ्यात शेवगा, कुंपणाच्या कडेने कढीपत्ता आणि गवती चहा, आणि घराच्या भिंतीपासून साधारण साडेअकरा फुटांवर जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण, अशी आजची मांडणी आहे. बाकी सगळी काळी माती. पावसाळ्यात तिच्यात चप्पल रुतते आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हाताचा पंजा सहज आत जातो.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाळवणासाठी तिला गच्चीवर जाणे आता जमत नाही. कुरडया, सांडगे आणि पापड परसातच वाळवता यावेत, संध्याकाळी चार माणसांना बसता यावे आणि पावसातही चिखल न तुडवता तुळशीपर्यंत जाता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. घराला लागून १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद, म्हणजे १८० चौरस फूट जागा फरसबंद करावी असे मनात आहे. एकूण खर्च ६० हजारांच्या पुढे जाऊ नये.

येथील एका ठेकेदाराने माती वरवर सपाट करून तीन इंच पीसीसी (सळ्या नसलेले साधे काँक्रीट) टाकायचे आणि त्यावर व्हिट्रिफाइड टाइल बसवायची, असा प्रस्ताव दिला आहे. साधारण ३१ हजार रुपये आणि अगदी थोड्या दिवसांचे काम. आकडा आकर्षक आहे, पण शेजारच्या घरी अशाच कामाला दोन पावसाळ्यांत तडे गेलेले दिसतात, म्हणून मन धजावत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा:

तुमची शंका रास्त आहे. स्थापत्य अभियंता म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग काळ्या मातीच्या प्रदेशात गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. ही हालचाल सगळीकडे सारखी होत नाही. घराच्या पायालगतची, फरशीखाली झाकलेली माती तशीच ओलसर राहते, तर मोकळ्या कडेची माती उन्हाने आकसून खाली बसते. तीन इंचांचा काँक्रीटचा पापुद्रा त्या दोन हालचालींच्या मध्ये अधांतरी राहतो आणि मोडतो. वरची टाइल कितीही महाग असली तरी तडा तिच्यातूनच वर येतो, आणि मग दुरुस्ती म्हणजे सगळे फोडून काढणे. शेजाऱ्यांकडे बहुधा हेच झाले असावे.

म्हणून माझा आग्रह असा की पैसा आधी जमिनीखाली घाला आणि वरच्या पृष्ठभागात काटकसर करा. साधारण दहा इंच काळी माती काढून टाकावी, तिच्या जागी नऊ इंच मुरूम दाबून भरावा, त्यावर इंच-सव्वा इंच क्रश सँडची (दगड दळून केलेल्या वाळूची) गादी आणि तिच्यावर सिमेंटशिवाय बसवलेली दगडी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असावेत. अशी फरसबंदी थोडी हलली तरी फुटत नाही. पाच-सात वर्षांनी एखादा कोपरा खचलाच, तर तेवढ्याच फरशा उचलायच्या, खाली थोडी वाळू सारखी करायची आणि त्याच फरशा परत ठेवायच्या.

मुरमाचा हिशोब सोपा आहे. १८० चौरस फुटांवर नऊ इंच म्हणजे १३५ घनफूट, पण तो दाबल्यानंतरचा. सैल मुरूम त्याच्या सव्वा ते दीडपट लागतो, म्हणून दोन ब्रास मागवावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी मूठभर मुरूम ओला करून तळहातावर वळून पाहावा. त्याची शेवईसारखी वळी वळली तर त्यात चिकणमाती जास्त आहे आणि तो परत पाठवावा. चांगला मुरूम ओला केल्यावरही हाताला खरखरीत लागतो आणि वळताना तुटतो.

मुरूम एकदम भरू नये. चार इंचांचा सैल थर पसरून, पाणी शिंपडून, धुम्मस (माती ठोकायचे जड हातअवजार) किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने (दाबणीच्या यंत्राने) दाबला की तो तीन इंचांचा होतो. असे तीन थर द्यावेत. मजूर नऊ इंच एकाच वेळी टाकून वरून दाबतात, तेव्हा वरचे चार इंच टणक होतात आणि खालचे पोकळ राहतात. या एका टप्प्याला तुम्ही स्वतः उभे राहा, बाकीच्या कामाला नाही राहिलात तरी चालेल.

उतार घरापासून बाहेरच्या दिशेने, ६० ला १ या प्रमाणात ठेवावा, म्हणजे १२ फुटांत जवळपास अडीच इंच. शिवाय खोदलेल्या तळालाही तोच उतार द्यावा. फरशीच्या फटींतून थोडे पाणी खाली जातेच. खालची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही आणि तळ सपाट असला तर मुरमात पाण्याचे डबके साचते. ही गोष्ट फार थोडे ठेकेदार पाळतात.

आणखी एक. मे महिन्यात भेगा पडलेल्या कोरड्या मातीवर काम करू नका, कारण पहिल्या पावसात ती फुगून सगळे वर उचलते. दिवाळीनंतर, मातीत मध्यम ओल असताना केलेले काम अधिक टिकते.

माडाची_सावली:

आमच्याकडे कुडाळात खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, दरवर्षी नव्याने केले जाते. पाऊस ओसरला की जमीन उकरून सारखी करायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि मग शेणाने सारवायची. त्यावर पोफळीच्या खांबांचा आणि माडाच्या झापांचा मांडव घालायचा, तो पाऊस येण्याआधी उतरवायचा. खर्च जवळजवळ नाही, पण मेहनत दरवर्षीची. आमच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत हे जमते. तुमच्या काळ्या मातीत सारवलेले अंगण एका उन्हाळ्यातही एकसंध राहणार नाही, असे मला वाटते.

तरीही त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मांडव कायमचा असलाच पाहिजे असे नाही. तो उतरवता येणारा ठेवलात तर खर्च कमी होतो, वाळवणाला ऊन मिळते आणि वादळी पावसात उडून जाण्याची भीती राहत नाही. जांभ्याचे चिरे मागवण्याचा विचार मात्र करू नका. घाट चढून येईपर्यंत वाहतुकीचा खर्च दगडापेक्षा जास्त होईल आणि पावसाळ्यात सच्छिद्र चिऱ्यावर शेवाळही लवकर धरते. जो दगड जवळ मिळतो तोच वापरावा.

कृष्णाकाठ:

ओळंबा, इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तळाला उतार देण्याची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. ठेकेदाराला विचारले तेव्हा त्याने "खाली कोण बघतंय" असे उत्तर दिले, त्यावरूनच निर्णय झाला.

आता दोन प्रश्न. पहिला, शहाबादी फरशी घ्यावी की सिमेंटचे पेव्हर ब्लॉक? येथे साठ मिलिमीटरचे ब्लॉक जागेवर पोहोच ४५ रुपये चौरस फूट आणि दीड इंची शहाबादी ४० रुपये असा दर मिळाला आहे. दुसरा, उताराने वाहून आलेले पाणी शोषखड्ड्यात सोडले तर चालेल का?

फरशीवाला_सोलापूर:

शहाबादीबद्दल मी सांगू शकतो, कारण आमच्या घरात दोन पिढ्यांपासून हाच व्यवसाय आहे. हा चुनखडीचा दगड असून तो कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून येतो. सोलापूर आणि सांगलीकडे तो पूर्वीपासून वापरात आहे आणि तुमच्या कामाला तो उत्तम आहे, पण निवड नीट करायला हवी.

घराच्या आत वापरतात ती घासलेली, गुळगुळीत फरशी अजिबात घेऊ नका. पहिल्या पावसात तिच्यावर शेवाळाचा पातळ थर आला की आईंसाठी ती धोक्याची ठरेल. रफ फरशी मागा, जिचा वरचा भाग खाणीतून निघाल्यासारखाच खडबडीत असतो. जाडी दीड इंचाच्या खाली नको. विक्रेते एका थप्पीत सव्वा इंची आणि दीड इंची फरशा मिसळून देतात. म्हणून थप्पीच्या वरची एकच फरशी मोजून भागत नाही, मधल्या चार-पाच फरशा बाहेर काढायला लावून त्यांची कड मोजावी. प्रत्येक फरशी एका कडेवर उभी धरून बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर दगड एकजीव आहे, बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलेला आहे आणि ती फरशी पावसाळ्यात थरांनी उकलेल. घरी आणल्यावरही फरशा आडव्या न रचता भिंतीला टेकवून उभ्या ठेवाव्यात.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर पाडकाम झालेल्या वाड्यांच्या फरशा शोधाव्यात. त्या बहुधा जाड असतात, अनेक वर्षांच्या पायरवाने त्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि परसात त्या नव्यापेक्षा शोभून दिसतात. मापे सारखी मिळत नाहीत, त्यामुळे बसवणाऱ्या गवंड्याला वेळ जास्त लागतो. मजुरी रोजंदारीवर न देता चौरस फुटाने ठरवून घ्यावी.

आणि कृपा करून ही फरशी कधीही ॲसिडने धुऊ नका. चुनखडीचा दगड ॲसिडने खाल्ला जातो. लिंबू, चिंच, ताक सांडले तरी लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर पांढरट डाग कायमचा राहतो. शेवाळ काढायला ताठ खराटा आणि ब्लीचिंग पावडरचे पाणी पुरेसे आहे.

ओळंबा:

पेव्हर ब्लॉकही वाईट नाही. २०० बाय १०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे तुमच्या जागेला सुमारे ८४० आणि तूट धरून ८८०. त्यांची जाडी एकसारखी असते, म्हणून बसवणे सोपे जाते. परंतु त्यांची कड पक्की बांधली नाही तर बाहेरचे ब्लॉक सरकतात आणि फटी मोठ्या होतात. दोन्हींना कडेने विटेची उभी ओळ सिमेंटमध्ये द्यावीच लागेल. किमतीतला फरक एवढा थोडा आहे की आईंच्या पायाला आणि डोळ्यांना जे आवडेल ते घ्यावे. माझा कल शहाबादीकडे आहे, कारण सिमेंटचा ब्लॉक काही वर्षांत फिका पडतो.

शोषखड्डा मात्र नको. काळ्या मातीत पाणी इतके हळू मुरते की खड्डा पहिल्या मोठ्या सरीत भरतो आणि भरलेलाच राहतो. १८० चौरस फूट म्हणजे १६.७ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर या फरशीवरून सुमारे ८३५ लिटर पाणी येईल. ते घराच्या पायाजवळ अडवून ठेवणे म्हणजे ज्या फुगवट्यापासून आपण वाचू पाहतो तोच ओढवून घेणे आहे. फरशीच्या बाहेरच्या कडेने नऊ इंच रुंद चर काढावी, तिच्यात खडी आणि तळाशी छिद्रे असलेला चार इंची पाइप टाकावा, आणि तो पाइप बाजूच्या मोकळ्या पट्टीतून पुढच्या पावसाळी गटाराला जोडावा. मोरीचे पाणी यात सोडू नये.

आता तुमच्या टाकीबद्दल. झाकण भिंतीपासून साडेअकरा फुटांवर असेल तर १२ फूट रुंदीच्या फरसबंदीच्या अगदी कडेला, पायात येईल अशा जागी ते राहील. शिवाय पावसाचे घाण पाणी पिण्याच्या टाकीत जाण्याचा धोका वेगळाच. त्याऐवजी १५ बाय १२ हा आकार सोडून घराच्या लांबीला समांतर १८ फूट आणि खोलीत १० फूट असा आकार घ्या. क्षेत्रफळ तेवढेच १८० चौरस फूट राहते, उताराला दोनच इंच लागतात, झाकण फरशीबाहेर मोकळे राहते आणि मागे आठ फुटांची बागेची पट्टी मिळते. एक रुपयाही न वाढता सोय वाढते. झाकणाची कड मात्र जमिनीपासून सहा इंच उंच बांधून घ्या.

टाकीच्या भिंती झाकणापलीकडे किती पसरल्या आहेत हे खोदाईपूर्वी शोधून काढा. आत उतरलेल्या जुन्या गवंड्याला विचारा किंवा काठीने आतून मापे घ्या. टाकीचा स्लॅब फरशीखाली येत असेल तर तेवढ्या भागावर कॉम्पॅक्टर चालवू नका, हातधुम्मसनेच दाबा.

वऱ्हाडी_ऊन:

मी नागपूरचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे परसातील सावली हा आम्हाला जिव्हाळ्याचा विषय आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या परसाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळी आखणी त्यावर ठरते. पश्चिमेला असेल तर डोक्यावरचा मांडव संध्याकाळी जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण चार वाजल्यानंतर ऊन वरून येत नाही, समोरून येते. लोक छपरावर हजारो रुपये घालतात आणि ज्या वेळेला बसायचे त्या वेळेला डोळ्यांवर ऊन घेत बसतात. अशा जागी उभा आडोसा हवा. बांबूची चीक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा), तट्ट्या किंवा जाळीवर चढवलेला वेल हे मांडवापेक्षा स्वस्तही पडते आणि अधिक उपयोगीही असते. आमच्याकडे वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारतात, तुमच्याकडे तेवढी गरज भासू नये.

फरशीचा रंगही पाहा. काळी कडप्पा दिसायला देखणी असते, पण दुपारी तिच्यावर अनवाणी पाय टेकत नाही. करडी शहाबादी त्या मानाने बरी.

कृष्णाकाठ:

परस पश्चिमेलाच आहे. तुमच्या प्रतिसादाने आखणीच बदलली. आम्ही घराला लागून मांडव घालणार होतो. आता असा विचार आहे की १८ फुटांपैकी दाराकडच्या नऊ फुटांवर पुढे कधीतरी मांडव करावा, उरलेले नऊ फूट वाळवणासाठी उघडे ठेवावेत आणि बसण्याच्या भागाला पश्चिमेकडून चिकेचा पडदा द्यावा. ओळंबा यांनी सुचवलेला १८ बाय १० चा आकार मी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखला आणि त्यात घरातल्याच खुर्च्या मांडून पाहिल्या. आईने लगेच दाखवून दिले की दारातून बाहेर पडताना खुर्च्या आड येतात आणि बैठक उजवीकडे सरकवायला हवी. कागदावर हे मला दिसले नव्हते.

वेलांविषयी मात्र मार्गदर्शन हवे आहे. आमच्या भागात द्राक्षे सगळीकडे आहेत, तर मांडवावर द्राक्षाचा वेल चढवावा का?

बागवेडी:

द्राक्ष नको, आणि याचे कारण तुमच्या जिल्ह्यातील बागायतदारांना चांगले ठाऊक आहे. आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे ऐन सावलीची गरज असते तेव्हाच वेल उघडा असतो. छाटणी केली नाही तर फळ धरत नाही, केली तर सावली नाही. शिवाय केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या कराव्या लागतात. जिथे पापड वाळत घालायचे तिथे फवारणी कशाला?

चिकेच्या बाजूला, जाळीवर, जुई किंवा मधुमालती लावावी. मधुमालती फार जोराने वाढते, म्हणून वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर ती निर्दयपणे छाटावी लागते. खर्च टाळायचा असेल तर पहिल्या वर्षी फेब्रुवारीत दुधी किंवा घोसाळे लावा. दोन महिन्यांत जाळी भरते, भाजीही मिळते. मागच्या आठ फुटांच्या पट्टीत तुमची खोदून निघालेली काळी माती थोडे शेणखत मिसळून वापरा. दहा इंच खोदाईची माती सुटी झाल्यावर दोन ब्रासच्या आसपास होईल. ती बाहेर टाकायला पैसे मोजण्यापेक्षा निम्मी तिथेच वाफ्यात जिरवावी आणि उरलेली एखाद्या शेतकऱ्याला द्यावी, तो आनंदाने नेईल.

शेवग्याखाली कधीही बैठक करू नका. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या अचानक मोडतात. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. त्यांचा केस अंगाला लागला की आग होते. नवीन आकारात शेवगा फरशीच्या कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर राहतो, तो योग्य आहे. शेंगा संपल्या की त्याची छाटणी करून उंची आटोक्यात ठेवा, आणि खोडाभोवतीचे आळे मोकळे ठेवा.

ओसरीवरची:

आईंच्या गुडघ्यांकडे जरा अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण माझ्या सासूबाईंसाठी आम्ही नाशिकला अशीच सोय करून घेतली. स्वयंपाकघराचा उंबरा फरशीपासून उंच असेल तर मध्ये पायरी लागेल. ती सहा इंचांहून उंच नसावी आणि तिची रुंदी पूर्ण पाऊल मावेल एवढी, निदान बारा इंच असावी. दाराच्या बाजूला भिंतीत एक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा आधार बसवून घ्या. खर्च नगण्य आहे, पण ओल्या पायांनी आत येताना तोच कामी येतो.

बसण्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपेक्षा विटेचा कट्टा चांगला. त्याची उंची अठरा इंच ठेवा. त्याहून खाली बसले की उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. कट्टा भिंतीला लावून केला तर पाठीला टेकण मिळते. वाळवणासाठी जमिनीवर ओणवे व्हावे लागू नये म्हणून उघड्या भागात दोन लोखंडी घोडे आणि त्यांवर जुनी लाकडी फळी एवढे पुरते. कमरेच्या उंचीवर साडी पसरून कुरडया घालता येतात आणि मांजराचाही त्रास कमी होतो. उघड्या जागेत फरशी तापत असल्याने वारा खालून गरम लागतो, त्यामुळे वाळवण लवकर होते.

कृष्णाकाठ:

सर्वांचे वाचून आणि येथील दर पुन्हा विचारून खर्चाचा आराखडा तयार केला आहे. खोदाई आणि माती हलवण्यासाठी ८,००० रुपये, दोन ब्रास मुरूम पोहोच ५,०००, क्रश सँड आणि सांध्यांतील बारीक कच मिळून २,५००, कॉम्पॅक्टरचे भाडे २,०००, चर, खडी आणि पाइप ४,०००. शहाबादी तुटीसह १९० चौरस फूट, ४० रुपयांनी ७,६००, आणि बसवणीची मजुरी ३० रुपयांनी ५,४००. कडेची वीट आणि सिमेंट ३,५००, वायरिंगची नळी आणि दोन दिवे ३,०००, मांडवाच्या चार खांबांचे पाये आताच करून ठेवण्यासाठी ४,०००. हे सगळे ४५,००० होतात. कट्टा ६,००० धरला तर ५१,०००. उरलेले ९,००० अडीअडचणीला हातात ठेवायचे आणि मांडव पुढच्या वर्षी घालायचा, असे ठरवले आहे. तोपर्यंत पडद्याचे आणि शेडनेटचे काम बांबूवर भागवू.

यात काही राहिले आहे का?

ओळंबा:

आराखडा चांगला उतरला आहे. ४५ हजारांपैकी २१,५०० रुपये खोदाई, मुरूम, वाळू, दाबणी आणि निचऱ्यावर जात आहेत, म्हणजे जवळपास निम्मी रक्कम डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी. घरातील कोणी त्यावर बोट ठेवले तरी तिथून एक रुपयाही काढू नका. काढायचेच असतील तर दिवे आणि कट्टा नंतर करा.

खांबांचे पाये आताच करण्याचा निर्णय योग्य आहे, कारण नंतर फरशी उचलून खड्डे घेणे जड जाते. मात्र त्यांतून लोखंडी पाइप वर काढून ठेवू नका, अंधारात पाय अडकेल. प्रत्येक पायात चार बोल्ट बसवून त्यांवर फरशीचा तुकडा झाकण म्हणून ठेवा. बांबू वापरायचा झाला तर तो कधीही मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडू नका. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. बोल्टवर लोखंडी बूट बसवून बांबू जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवावा, आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबूच घ्यावा.

पुढच्या वर्षी मांडवावर पक्के पत्रे घालायचे मनात असेल तर आधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. उघड्या फरसबंदीचा सहसा प्रश्न येत नाही, पण इमारतीभोवती सोडायच्या सामासिक अंतरात कायमचे छत घालण्याला राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मर्यादा आहेत. शेडनेट आणि वेल यांवर भागत असेल तर तो रस्ता अधिक सोपा.

आखणीच्या वेळी गुण्या, म्हणजे कोपऱ्यांचा काटकोन, बरोबर बसला आहे की नाही हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा. १८ बाय १० च्या आयताचा कर्ण २० फूट ७ इंच येतो. दोन्ही तेवढेच आले तर कोन काटकोन आहेत. उतारासाठी पारदर्शक लेव्हल पाइप वापरा. त्यात पाणी भरल्यावर नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून एक टोक वर धरून सगळी हवा निघेपर्यंत थांबा. घराकडच्या खुंटीवर एक खूण करा, समोरच्या खुंटीवर तीच पातळी घ्या आणि तिथून दोन इंच खाली दुसरी खूण करून दोरी बांधा. गवंडी नजरेने उतार देतो म्हणाला तरी दोरी काढू देऊ नका.

वऱ्हाडी_ऊन:

शेडनेटबद्दल एवढेच की ती पक्की ताणून बांधू नका. दोन भिंतींमध्ये तार ओढून तिच्यात कड्या घाला आणि नेट पडद्यासारखी सरकती ठेवा. वाळवणाच्या दिवसांत ती एका बाजूला घेता येते, वादळ आले तर मिनिटभरात गुंडाळता येते. ५० टक्के सावलीची नेट पुरेशी आहे, ७५ टक्क्यांची लावली तर खाली वेल नीट वाढत नाहीत.

फरशीवाला_सोलापूर:

वायरिंगची नळी मुरमाच्या तिसऱ्या थरात टाकून घ्या, वाळूच्या गादीत नको. गादी उकरून नळी घातली की त्या रेषेवरची फरशी पुढे डुगडुगते. आणि बाहेरच्या सर्किटला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दिव्यांचा प्रकाश पिवळसर आणि कमी उंचीवरचा ठेवा. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर पहिल्या पावसात पंखवाल्या वाळव्यांचे थवे येतात.

कृष्णाकाठ:

सगळ्या सूचना उतरवून घेतल्या आहेत. आरसीसीबीसाठी राखीव रकमेतून तरतूद केली. जुन्या गवंड्याकडून कळले की टाकीचा स्लॅब झाकणापासून घराच्या दिशेने अडीच फूट आत आला आहे. म्हणजे फरशीचा बाहेरचा फूटभर पट्टा त्यावर येईल. तेवढ्या भागात मुरमाची जाडी कमी पडेल, कारण स्लॅब जमिनीपासून सहा इंचांवरच आहे. तिथे काय करावे, एवढेच सांगावे.

ओळंबा:

त्या फूटभर पट्ट्यात स्लॅबवर थेट क्रश सँड टाकू नका. एकीकडे हलणारा मुरूम आणि दुसरीकडे न हलणारा स्लॅब, यांच्या सांध्यावर फरशी कलते. सोपा उपाय म्हणजे त्या बाजूला फरसबंदीची रुंदी १० ऐवजी ९ फूट करा आणि कडेची विटेची ओळ स्लॅबच्या अलीकडे घ्या. पाण्याची चरही स्लॅबला वळसा घालून न्या, तिच्यातले पाणी टाकीच्या भिंतीला लागू देऊ नका. त्यामुळे १८ चौरस फूट कमी होतील. दाराच्या डाव्या हाताला, मोरीच्या पलीकडे जागा असेल तर लांबी दोन फुटांनी वाढवून ती भरून काढता येईल, म्हणजे २० बाय ९. तसे केलेत तर उतार दोन इंचांऐवजी पावणेदोन इंच घ्या आणि कर्ण पुन्हा मोजा, तो २१ फूट ११ इंच यायला हवा. मोरीच्या पाण्याचा चेंबर त्या दोन फुटांत येत असेल तर त्याचे झाकण फरशीखाली गाडू नका. झाकणाची चौकट फरशीच्या पातळीला उचलून घ्या, म्हणजे तुंबले तर उघडता येईल.